डाव्या अंगाचा रस्ता

लिंबाजीला एका जागी बसवत नव्हतं. बाजेवर टेकला की उजवा पाय आपोआप भुई दाबायचा, अन् भुईला काही ब्रेक नसतो. मग उठायचा, दारात जायचा, कडुलिंबाखाली उभी असलेली आपली काळी-पिवळी जीप बघायचा, माघारी यायचा, बसायचा, परत उठायचा. त्याची बायको मनकर्णा चुलीपुढून ओरडायची, "अवो, बुडाला इंगळ्या डसायल्यात का तुमच्या? टेका की जरा."

"टेकायला मी काय म्हातारा झालोय?"

"म्हातारं न्हाई झालाव, पर अंगावरनं वारं गेलंय तुमच्या. चारच महिने झालेत."

झाले असतील चार महिने. कार्तिकात एका सकाळी जीप धुता धुता डाव्या हातातली बादली गळून पडली, तोंड वाकडं झालं, अन् हा गडी आपल्याच गाडीच्या चाकापाशी आडवा. परभणीच्या दवाखान्यात बारा दिवस काढले. पण माणूस हाडाचा चिवट. आज हात वर जात होता, पाय सरळ पडत होता, जबान तर पहिल्यापेक्षा जास्तच चालत होती. वस्तीत जो तो म्हणायचा, लिंबाजी वाघासारखा उठला. मग उठलेल्या वाघानं काय करायचं? बाजेवर बसून शेंगा फोडायच्या?

पेडगावाच्या अलीकडची ही वस्ती. एसटी इकडं फिरकत नाही. मोठ्या रस्त्याला जायचं तर तीन किलोमीटर पायी. तीस वर्षं लिंबाजीच्या जीपनंच या वस्तीला पाय दिले होते. बाळंतीण त्याच्या गाडीत, आजारी त्याच्या गाडीत, शाळेच्या पोरी त्याच्या गाडीत. अन् त्याची एक ख्याती होती. रस्त्याच्या कडेला कुणी हात केला की तो थांबायचाच. शिटा भरलेल्या असोत, टपावर पोती असोत, थांबायचाच. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. परमेश्वर नावाचा एक ड्रायव्हर तर म्हणायचा, "लिंबाजीतात्या, तुमाला म्हसरानं शेपूट हलवली तरी हात दिसतो." हसू दे. हात दिसला अन् लिंबाजी थांबला नाही, असं कधी झालं नव्हतं.

आता सगळी वस्ती लंगडी झाली होती, अन् भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, "मग, गाडी कवा काढतूस?" त्या 'कवा'नं लिंबाजीच्या अंगाची लाही व्हायची. त्यात शेजारच्या सरजाबाईनं वेगळंच करून ठेवलं होतं. तो दवाखान्यात होता तेव्हा ती पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलली, लिंबाजी बरा झाला की त्याच्याच गाडीतून, त्याच्याच हातानं गाडी हाकवून सगळ्या बायांना दर्शनाला नेईन. येत्या शनिवारचं ठरलं होतं. लिंबाजीनं छातीवर हात मारून सांगितलं होतं, "शनिवारी मीच नेणार."

आडवं एकच येत होतं. डॉक्टरनं बजावलं होतं, आजारातून उठलेल्यांना रोजची कामं परत शिकवणाऱ्या सुकेशनी मॅडम लिहून देईपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही. थोरला पोरगा भागवत परभणीला कामाला होता. त्यानं गाडीची किल्ली आईच्या हवाली केली अन् आईनं ती कमरेच्या पिशवीत घालून गाठ मारली. तीस वर्षांच्या ड्रायव्हरची किल्ली बायकोच्या कमरेला. काय राहिलं मग माणसाचं?

मंगळवारी परमेश्वरला मुद्दाम बोलावून दोघं त्याच्या जीपमधून परभणीला गेले. दवाखान्यातल्या त्या खोलीवर 'व्यवसायोपचार' अशी पाटी होती. आत चमचे, कुलपं, बटणांची फळी, एक जुनं स्टेअरिंग, असला सगळा बाजार मांडलेला. सुकेशनी मॅडम पस्तिशीतल्या, परभणीच्याच, बोलायला सरळ.

"तुमी कामधंद्याच्या मॅडम म्हनं," लिंबाजी बसायच्या आतच म्हणाला. "मग माणसाला कामधंदा करू द्या की."

"त्याच्यासाठीच बसलेय मामा इथं," मॅडम हसल्या. "तुमचा धंदा गाडीचा, तर बघू या गाडी जमते का."

मूठ आवळायला लावली. आवळली. स्टेअरिंग फिरवायला लावलं. गरगर फिरवलं. मॅडमनी टाळी वाजवली की पाय दाबायचा, असं पंधरा वेळा झालं, एकदाही चुकलं नाही. लिंबाजीनं मनकर्णेकडं बघून मिशीवर बोट फिरवलं. मग मॅडमनी त्याच्यापुढं एक कागद ठेवला. कागदभर लहानमोठ्या चांदण्या छापलेल्या. म्हणाल्या, "जेवढ्या लहान चांदण्या आहेत तेवढ्यांना गोल करा. सावकाश करा."

सावकाश कशाला? भराभरा गोल मारले अन् पेन्सिल आपटून ठेवली. "झालं."

"सगळ्या झाल्या?"

"एकबी सोडली न्हाई."

मागं उभ्या मनकर्णेनं तोंडावर हात ठेवला. बायको चकित झाली, असं लिंबाजीला वाटलं.

"आता घड्याळ काढा. बाराचे बारा आकडे."

"मॅडम, मी गाडी चालवतो का शाळेत जातो?" असं म्हणत त्यानं तेही काढलं.  मॅडमनी चांदण्यांचा कागद हळूच उचलला अन् टेबलावर उजवीकडं सरकवला. लिंबाजीनं बघितलं तर अर्धा कागद तसाच. पंचवीस-तीस चांदण्यांना गोलच नव्हते.

"ह्या मगाशी न्हवत्या."

"होत्या मामा."

"मग तुमी आत्ता काढल्या असतील. मी काय आंधळा हाय?"

"नाही," मॅडम खुर्ची ओढून त्याच्या जवळ बसल्या. "डोळे चांगलेच आहेत तुमचे. पण त्या दिवशी वारं गेलं ना, त्यानं मेंदूला दुखापत झालीय. डोळ्याला सगळं दिसतं, पण मेंदू डावीकडच्या गोष्टीकडं लक्षच देत नाही. अन् आपण लक्ष देत नाही हेसुद्धा तुम्हाला कळू देत नाही. हे बघा तुमचं घड्याळ."

घड्याळाचे बाराही आकडे उजव्या अंगाला दाटीवाटीनं बसले होते. लिंबाजीला ते घड्याळ चांगलंच दिसलं. घड्याळासारखं घड्याळ, त्यात बघायचं काय?

मॅडमनी मग पुष्कळ सांगितलं. बऱ्याच लोकांचं सुधारतं, पण रोज घोटून घ्यावं लागतं. टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची अन् ती दिसेपर्यंत मान फिरवायची, मगच कामाला लागायचं. तीन महिन्यांनी परत बघू. जमलं तर मैदानावर दोन ब्रेकची शिकाऊ गाडी आणून परीक्षा घेऊ. "तोपर्यंत गाडी नाही. मी उगीच अडवत नाही मामा. आपल्याकडं पायी माणूस, सायकलवालं पोर, शेळीमेंढी, सगळं डाव्याच अंगानं चालतं." शुक्रवारी परत यायला सांगितलं. लिंबाजी उठला तो तणतणतच. जिन्यावरनंच ओरडला, "कागदावरच्या चांदण्या मोजून कुणी डायवर होतं का रं?"

बुधवारी दुपारी जेवताना त्यानं विचारलं, "ठेचा कामून न्हाई वाढला?"

"वाढलाय," मनकर्णा म्हणाली अन् ताट अर्धं फिरवलं. हिरवागार ठेचा पुढं आला.

"आत्ता वाढलास तू."

मनकर्णेनं कपाळाला हात लावला. "बरं, आत्ता वाढला. जेवा."

गुरुवारी ती ज्वारी काढायला रानात गेली. रान रस्त्यालाच होतं, घरापासून कोसभर. तिची पाठ वळली अन् लिंबाजीला घर खायला उठलं. दहा वेळा आत-बाहेर झाला. गाडीचा टप पुसला. काच पुसली. मग देवळीतल्या फोटोमागं हात घातला. अहो, कुठल्याही ड्रायव्हरकडं दुसरी किल्ली असते. बायकोला माहीत नसते एवढंच.

इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. तो आवाज कानात गेला अन् लिंबाजीचे डोळेच भरून आले. चार महिने मेल्यासारखा पडलेला माणूस जिवंत झाला. क्लच, गिअर, सगळं हाताला आठवत होतं. गाडी वस्तीबाहेर पडली. कॅनॉल दिसला, शाळेची भिंत दिसली, येडबा धनगराची मेंढरं उजवीकडच्या कापलेल्या रानात चरताना दिसली. येडबाला त्यानं हॉर्न दिला. समोरून एक मोटारसायकलवाला आला अन् "ए बाबा, रस्ता तुझ्या बापाचा का?" असं ओरडून गेला. आजकालची पोरं, दुसरं काय. एकदा कुठंतरी खट्‌ असं वाजलं. उडाला असेल खडा.

पेडगावला वळसा घालून तो माघारी आला. एक गोष्ट तेवढी खटकली. रस्त्याला कुणीच नव्हतं. जाताना नाही, येताना नाही. एकानंही हात केला नाही. आज काय सगळी दुनिया घरात बसली का? गाडी होती तशी कडुलिंबाखाली लावली, किल्ली फोटोमागं गेली, अन् चार महिन्यांत पहिल्यांदा लिंबाजी बाजेवर शांत बसला. घटकाभरच.

दिवस कलायला सरजाबाई आली ती तोंड सोडूनच. "काय रं लिंब्या! दोन पिशव्या घेऊन उनात उभी होते. हात करून करून खांदा दुखला माझा. तू आपला नाक वर करून गेलास! तुझ्यासाठी देव पाण्यात घातले म्या!"

"कुठं उभी होतीस?"

"कॅनॉलच्या पुलापाशी. अजून कुठं?"

"पुलापाशी कुणीसुदिक न्हवतं, सरजामाय. शपथ."

"मी काय भूत हाय? चार महिन्यात लय मोठा झालास. पर शनिवारी येनार मी. नवस तुझा न्हाई, देवाचा हाय." अन् ती गेली पाय आपटत.

लिंबाजी संतापला. बाईला वयोमानानं भ्रम झाला असणार. पुलापाशी कुणी नव्हतंच, त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. आता मनकर्णा येईल अन् गाडी का काढली म्हणून घर डोक्यावर घेईल, या तयारीत तो बसला. ती आली, हातपाय धुतले, चूल पेटवली, अन् चकार शब्द बोलली नाही. एकदा फक्त जीपपाशी जाऊन वाकली अन् काहीतरी फडक्यात बांधून घेऊन आली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. 

शुक्रवारी मॅडमपुढं बसल्या बसल्या त्यानं तोफ डागली. "लिहा मॅडम कागद. काल गाडी चालवली. पेडगावपर्यंत जाऊन आलो. एक ओरखडा न्हाई."

मॅडमचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "बरं. रस्त्यात काय काय दिसलं, सांगा बघू."

"कॅनॉल, शाळा, येडबाची मेंढरं. सगळं."

"माणसं?"

"माणसंच न्हवती कुनी."

मनकर्णेनं पिशवीतून फडकं काढलं अन् त्याच्या उजव्या हाताशी टेबलावर सोडलं. आत गाडीचा आरसा होता. काच तडकून जाळी झालेली, दांडी मोडलेली.

"हा कुनाच्या गाडीचा?" लिंबाजीनं विचारलं.

"आपल्या. डाव्या बाजूचा. आपल्या रानाच्या बांधावरल्या बाभळीला लागून तुटला." मनकर्णा म्हणाली. "त्या बाभळीखाली मी उभी होते. गाडीचा आवाज वळखला, इळा टाकून पळत आले. दोन्ही हात वर केले. 'अवो थांबा, अवो थांबा' म्हनून वरडले. आरसा माझ्या कानापाशी फुटला. तुमी माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाई."

 लिंबाजी तिच्याकडं बघत राहिला. तिच्या कानामागं चिंधी चिकटवलेली होती. काल घरात तिच्याकडं कितीदा बघितलं, ही चिंधी दिसली कशी नाही?

"खोटं बोलायलीस," तो म्हणाला.  पण ही बाई तीस वर्षांत एकदा खोटं बोलली नव्हती.

"कालच कामून न्हाई सांगितलंस?"

"तुमी म्हनला असताव, तू आत्ता फोडलास."

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला. तो त्यानं घेतला नाही. तो उठला, खोलीत इकडून तिकडं फिरला, परत बसला, परत उठला. "वस्तीला सांगते मी," मनकर्णा म्हणाली, "शनिवारचं जमनार न्हाई म्हनून."

"तू न्हाई. मी सांगतो."

सांगतो म्हणणं सोपं असतं. संध्याकाळी तो सरजाबाईच्या दारापर्यंत गेला अन् दारातली पाण्याची कळशी उगीच बघून माघारी आला. देवळापाशी बायका बसल्या होत्या, तिथं गेला, "सकाळी आठला" एवढंच बोलून निघून आला. काय सांगणार? हात तुटला असता तर दाखवता आला असता. पाय मोडला असता तर लोक हळहळले असते. धडधाकट उभं राहून म्हणायचं, मला दिसतंय पण दिसत नाही? हसतील लोक. अन् हे एकदा तोंडातून गेलं की ड्रायव्हर लिंबाजी मेला, मग उरलेला लिंबाजी कुणाला पाहिजे होता?

शनिवारी आठला बायका हजर. नऊवारीच्या घड्या मोडून, नारळ घेऊन, हसतखिदळत गाडीत चढल्या. सरजाबाई पुढच्या सीटवर, खिडकीला. मागं रुख्मिणी, माधवी, निकिता, मांडीवर लेकरं. येडबाची म्हातारी आई भागुबाई तेवढी दिसत नव्हती. ठार बहिरी बाई, तिला हाक मारून उपयोग नाही.

"भागुबाई कुठाय?" लिंबाजीनं विचारलं.

"कवाच आलीय ती. आसंल हितंच," कुणीतरी म्हणालं.

लिंबाजीनं काच पुसली. गाडीला पुढून पूर्ण वेढा घातला, टायर बघितले. सगळं ठीक होतं. फोटोमागची किल्ली हातात होती. मनात एक गोड आवाज बोलत होता. मान नीट फिरवीन. हळू नेईन. एकच फेरी, देवाचीच तर आहे. मनकर्णा दारात उभी होती. 

तो ड्रायव्हरच्या दाराला धरून उभा राहिला. 

"ऐका. मी गाडी चालवनार न्हाई. मला डाव्या अंगाचं कळत न्हाई. डोक्यातच बिघाड झालाय. सरजामाय, तू परवा पुलापाशी उभी होतीस, ते खरं हाय. मला दिसली न्हाईस."

 निकिता फिस्सकन हसली अन् सगळी गाडी हसली.

"आगं, भाव खायलाय!" रुख्मिणी म्हणाली. "चार महिन्यानं बसायलाय म्हनून ओवाळायला पायजे त्याला."

"मस्करी न्हाई करायलो."

"मग माझ्याकडं बघून बोलायलास ते काय पाठीच्या डोळ्यानं?" सरजाबाई म्हणाली. "परवा गर्व झालता, आता लाज वाटायलीय. चल, माफ केलं. बस. नवस तुझ्या हातचा हाय, दुसऱ्या कुनी गाडी हाकली तर देव घेनार न्हाई."

हे असं. खरं बोललं तर कुणी मानत नाही. लिंबाजीचं डोकं भणभणलं. एक पाय गाडीत टाकावा अन् चालू करावी, यांचीच इच्छा आहे ना? पाय उचललासुद्धा. मग तो खाली ठेवला अन् जीव तोडून ओरडला, "सरजामाय, मी आत्ता गाडीभवती फिरलो का न्हाई? तुमी सगळ्यांनी बघितलं का न्हाई?"

"फिरलास की."

"मग खिडकीतनं मान काढ. पुढच्या डाव्या चाकापाशी काय हाय, मला सांग. माझ्या लेखी तिथं कायबी न्हवतं. तू सांग."

त्याची खात्री होती, तिथं काहीच नसणार. निदान दगड, विटेचा तुकडा, एवढं काहीतरी निघावं अन् यांना पटावं, इतकंच त्याला पाहिजे होतं. सरजाबाईनं त्याच्या समाधानासाठी हसत हसत खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं अन् बॉनेटच्या कडेनं खाली बघितलं.

तिचं हसू गेलं.

"अगं माय गं," ती म्हणाली.  तिनं दार उघडलं, नारळ खाली पडला, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. तिच्यामागं रुख्मिणी उतरली. मग माधवी. मग लेकरू छातीशी धरून निकिता. एकेक बाई उतरून त्या बाजूला जायची, बघायची, अन् पदर तोंडाला लावून उभी राहायची. कुणी लिंबाजीकडं बघत नव्हतं. तो दाराला धरून तिथंच उभा होता, अन् त्याला अजून माहीत नव्हतं तिथं काय आहे.

मनकर्णा आली. तिनं त्याच्या दंडाला धरलं, गाडीपुढून नेलं, अन् लेकराची फिरवावी तशी त्याची हनुवटी डावीकडं फिरवली.

बंपरला पाठ लावून, चाकापुढं दोन्ही पाय लांब सोडून, गाडीच्या सावलीत भागुबाई बसली होती. तळहातावर तंबाखू चोळत होती. मघाशी तो तिच्या पायांना खेटून गेला होता. लिंबाजी मट्‌कन तिच्याशेजारी खाली बसला अन् ढसाढसा रडायला लागला.

म्हातारीनं वर बघितलं. भोवती सगळ्या बायका जमलेल्या, गाडी रिकामी.

"उतरलाव कामून गं?" तिनं मोठ्यानं विचारलं. "न्हाई जायचं का?"